चंद्रीचं तिसरं पिल्लू

आमच्या घरात शेताचा मालक मी. सातबाऱ्यावर तसं नावच आहे, नत्थुजी. बाकी घर, कपाटाची किल्ली, एकुलता एक मुलगा नितेश, मी स्वतः आणि गोठ्यातल्या पाच बकऱ्या, या सगळ्यांची मालकीण सुभद्रा. उद्या मी वर गेलो तर ती रीतसर तेरा दिवस रडेल. चंद्री गेली तर किती दिवस रडेल, ते मला सांगता येणार नाही. हे मी रागानं म्हणत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात माणसाला आपली जागा कळते, आणि एकदा कळली की जेवण गोड लागतं.

चंद्री म्हणजे आमची बेरारी बकरी. आमच्या वऱ्हाडातलीच जात. तांबूस अंग, कण्यावरून शेपटीपर्यंत काळी रेघ, आणि शिंगांपासून नाकपुड्यांपर्यंत तोंडावर दोन्ही बाजूंनी फिकट पट्टे. शेजारच्या खुशालरावाकडे राजस्थानातल्या सिरोही बकऱ्या आहेत, उंच आणि लांब कानांच्या. तो कुंपणापाशी उभा राहून म्हणतो, "नत्थुभाऊ, तुमची बकरी तं खिशात मावते." त्यावर सुभद्रा आतूनच ओरडते, "खिशात मावते, पन खिसा रिकामा नाई करत. तुमच्या रानीसायबाईले सरकीची ढेप लागते, माही चंद्री बाभळीच्या शेंगा खाऊन दोन पोट्टे पोसते." मग खुशालराव हसत हसत घरात जातो. तिच्यापुढे गावात कोणी टिकत नाही.

या चंद्रीच्या मागं एक रीत आहे. सुभद्रेच्या माहेरी मुलगी सासरी निघाली की आई तिला एक पाठ देते. पाठ म्हणजे बकरीचं मादी पिल्लू. ती बकरी त्या बाईची, तिच्या पुढच्या पाठीही तिच्याच. नवऱ्यानं विकायची नाही, सासऱ्यानं कापायची नाही. लेंडीखत तेवढं नवऱ्याच्या शेतात पडतं, तोच त्याचा हुंडा. आमची वरात परत आली तेव्हा गाडीत सुभद्रेच्या मांडीवर पाठ होती. तिनं सगळ्या वाटेत माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि पाठीला मात्र पोटाशी धरून आणलं. चंद्री त्या पाठीची खापरपणती असेल. गोठ्यातल्या बाकीच्या चार बाजारातून आल्या, त्या येतात आणि जातात. माहेरची एवढी एकच.

आणि गेली तीन वेतं चंद्रीला नुसते बोकड होत होते. बोकडाला भाव येतो, पण वंश पाठीनं चालतो. चंद्रीचे दात झिजले होते. या वेतानंतर ती पुन्हा गाभण राहणार नाही, असं सुभद्राच म्हणायची, आणि म्हणून पोळ्यापासून तिचा एकच जप चालला होता, "एक पाठ होऊ दे वो माय."

आता आमची सून. आकांक्षा. अकोल्याच्या जठारपेठेत वाढलेली, शिकलेली, वैशाखात लग्न होऊन आलेली. बकरी तिनं तोवर पाहिली होती ती भिंतीवरचं पोस्टर खाताना. पोरगी गुणाची, पण घरात तिच्या हाताला काम लागेना. ती झाडू घेई तोवर सुभद्रेचं अंगण झालेलं असे. ती चहा मांडायला उठे तोवर चहा माझ्या हातात असे. "राहू दे वो, तुले नाई जमत," हे सुभद्रेचं पालुपद. त्यात वाईट भाव नव्हता. सुभद्रेला दुसऱ्याची वाट पाहण्याचा धीर नाही, एवढंच. पण सहा-सात महिने रोज "तुले नाई जमत" ऐकलं की माणूस पाहुण्यासारखं बसायला लागतं. आकांक्षा आमच्याशी बोलायचीही पाहुण्यासारखीच, मला-तुला करून, पुस्तकात असतं तसं. माहेरच्या फोनवर मात्र "मले, तुले" चालायचं. मी दारातून ऐकलं होतं.

मार्गशीर्षात सुभद्रेच्या भावाच्या मुलीचं, करिश्माचं, भातकुलीला साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, निघालं. आत्याशिवाय ओटी कोण भरणार? आणि नेमके चंद्रीचे दिवस भरलेले. सुभद्रा सकाळपासून गोठा ते घर अशा येरझाऱ्या घालत होती. शेवटी आकांक्षाच म्हणाली, "आई, तुम्ही जा. मी थांबते. मी बघते चंद्रीकडे."

सुभद्रेनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोघांत कमी वाईट कोण, याचा हिशेब तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मी हरलो.

नितेशच्या मोटरसायकलवर बसल्यावरही तिच्या सूचना संपेनात. "जनली की गुळाचं कोमट पानी देजो. पिल्लायमागून वार पडते का पायजो. आन् पिल्लं साफ आन् कोरडी झाली पायजे हां, थंडीचे दिवस हायेत!" गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. आकांक्षानं मान हलवली. मग आत गेली आणि हिरवी बांधणीची ओढणी घेऊन आली. तिच्या साक्षगंधात सुभद्रेनं स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर घातलेली ती ओढणी. घरात पहिल्यांदा काहीतरी सोपवलं गेलं होतं, म्हणून पोरगी सणासारखी तयार झाली होती. मला जरा हसू आलं आणि जरा बरंही वाटलं.

दुपारी पंपाची लाइन आली. हरभऱ्यावर तुषार चालू होते, त्यांचे पाइप हलवायचे होते. चंद्री शांत रवंथ करत बसली होती. मी म्हटलं, "मी आलोच. काई झालं तं फोन कर." शेत काही फार लांब नाही. पण पाइप हलवणं म्हणजे एक जोड लावला की दुसरा निखळतो, आणि माझा स्वभाव असा की पाइप गळला की मी पाइपालाच शिव्या घालत बसतो. परत यायला वेळ झाला.

घरी आलो तर आतल्या खोलीतून घूंऽऽ असा आवाज. डोकावून पाहिलं. आकांक्षा पलंगावर बसलेली, हातात केस वाळवायचं यंत्र, आणि तिच्यापुढं चादरीवर दोन पिल्लं. स्वच्छ, मऊ, फुललेली. अंगाला बाळाची पावडर, आणि कपाळाला काजळाची तीट.

"बाबा!" ती चमकून उठली. तोंडभर हसत होती. "झाली! एक बोकड आणि एक पाठ! पाठ झाली बाबा!"

माझ्या काळजात एकदम दिवाळी झाली. पाठ! चंद्रीची पाठ! तांबूस, इवलीशी, पाठीवर काळी रेघ. आणि दुसऱ्याच क्षणी नाकात वास शिरला. चंदनाचा, दुधाचा, गुलाबाचा, बाळाच्या साबणात जे काय घालतात ते सगळं.

"आकांक्षा," मी म्हटलं, "चंद्रीनं यायले चाटलं काय?"

"नाही ना. ती दमून गेली होती. पिल्लं पडली तशी मी ओढणीतच झेलली दोघांना, आणि लगेच आत आणली. इतकी चिकट होती, शी! म्हणून कोमट पाण्यानं अंघोळ घातली. माझ्या ताईच्या बाळासाठी साबण-पावडरीचा डबा घेतला होता ना, तो फोडला. आई म्हणाल्या होत्या, साफ आणि कोरडी झाली पाहिजेत."

मी तिथंच दाराच्या चौकटीला टेकलो.

बकरी आपलं पिल्लू डोळ्यांनी ओळखत नाही. व्यायली की ती पिल्लाला चाटते. चाटून साफ करते, चाटून कोरडं करते, आणि त्या चाटण्यातच तो वास तिच्या डोक्यात कायमचा बसतो. हे माझं. बाकीचं जगातलं सगळं परकं. पहिल्या घटकाभरात हे झालं नाही तर पोटची पोरंही तिला शेजाऱ्याची वाटतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं, म्हणून कोणी कोणाला सांगत नाही. सुभद्रेनं "साफ" म्हटलं तेव्हा तिला चंद्रीची जीभ दिसत होती. आकांक्षाला साबण दिसला. अकोल्याच्या दवाखान्यात बाळ झालं की नर्स न्हाऊ घालून, गुंडाळून आणून देते. पोरीनं पाहिलं होतं तेच केलं.

राग आला. मला येतोच. मी बाहेर येऊन मोरीजवळच्या बादलीला लाथ घातली. बादली लोखंडी होती. त्यानंतर मी लंगडत होतो, त्यामुळे ओरडायचं राहून गेलं.

तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "मग आता?"

"आता पाहू. तिच्यापाशी नेऊ."

पिल्लं गोठ्यात नेली. चंद्री उभी होती, बेंबें करून कोणाला तरी हाका मारत होती. आम्ही पिल्लं पुढं ठेवली. तिनं नाक लावलं, वास घेतला, फटकन शिंकली आणि पाठीला डोक्यानं ढकलून दिलं. पाठ कोलमडली. बोकड धीट निघाला, थेट कासेकडे गेला, तर त्यालाही तिनं लाथ घातली. आणि पुन्हा दाराकडे पाहत हाका मारायला लागली. आपली पोरं कुठं गेली म्हणून विचारत होती, आणि पोरं तिच्या पायाशी पडलेली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुभद्रा.

"काहो, जनली काय?"

मी आकांक्षाकडे पाहिलं. तिनं हात जोडले. "नाई अजून," मी म्हटलं.

त्याच वेळी बोकड बारीक आवाजात ओरडला.

"हे कोन वरडलं?"

"खुशालरावचं पिल्लू. इकडे आलं फिरत."

"खुशालरावची सिरोही जनून दीड महिना झाला. इतला बारीक आवाज?"

"सर्दी झाली त्याले," मी म्हटलं आणि फोन ठेवला. घाबरलेल्या माणसाला काय सुचेल ते सांगता येत नाही.

खरी चिंता चिकाची होती. पहिल्या काही तासांत आईचा चीक, म्हणजे ते घट्ट पिवळं पहिलं दूध, पोटात गेलं नाही तर पिल्लू टिकत नाही. बोकड अंगानं जाड होता. पाठ मुळातच लहान, आणि डिसेंबरच्या थंडीत अंघोळ झालेली. मी वाटी घेऊन चंद्रीचं दूध काढायला बसलो. चंद्रीच्या सडांना आजवर फक्त सुभद्रेचा हात लागलेला. मी हात लावताच ती खाली बसली. उठवली तर वाटीत पाय दिला. चमचाभर चीक निघाला तो आकांक्षानं बोटानं दोघांना चाटवला. चमच्यानं काय होतं?

मग मी गुळाची शक्कल काढली. पिल्लांच्या अंगाला गूळ आणि मीठ चोळलं, की बकरी चाटायला लागते आणि चाटता चाटता माया लागते. चंद्रीनं गूळ चाटला. आवडीनं चाटला. गूळ संपला तशी मान वर केली, शिंकली आणि पुन्हा ढुशी. मला म्हातारीचा असा राग आला! फुकटचं खाऊन उलट मारते.

आमची गडबड ऐकून खुशालराव कुंपणावर आला. सगळं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला, तीट पाहून त्याला हसू आवरेना, पण माणूस मदतीला पक्का. "नत्थुभाऊ, कुत्रं आना. कुत्रं पाहून बकरी पिल्लायले पोटाखाली घेते. माह्या बापाचा उपाय हाये." तो घरी जाऊन त्याचा शेरू घेऊन आला. शेरू नावालाच शेरू. खुशालरावाच्या मांजराला तो वाट देतो. त्याला गोठ्यात सोडला, आणि उपाय निम्मा बरोबर निघाला. चंद्रीनं डोकं खाली घातलं आणि अशी धावली की शेरू माझ्या दोन पायांमधून, गोठ्याचं दार उघडं टाकून, तुळशीला एक वळसा घालून रस्त्याला लागला. मी खाली बसलो. पिल्लांना पोटाखाली घ्यायचा भाग मात्र चंद्रीला आठवला नाही.

"हे असं नसतं होत," खुशालराव शेरूच्या मागे धावत म्हणाला.

उन्हं कलायला आली. पाठ आता ओरडतही नव्हती. गोणपाटावर मान टाकून पडली होती. मी तिला शर्टाच्या आत घेतलं. तिचं काळीज माझ्या पोटाला लागत होतं, इतकं जलद की मोजता येऊ नये. मला सुभद्रेची भीती वाटत होती हे खरं, पण त्या वेळी भीती नव्हती राहिली. वाईट वाटत होतं. वरातीच्या गाडीतली ती पाठ, तिच्यापासून आलेली एवढी लांब वेल, आणि ती माझ्या शर्टात संपणार. सुभद्रा रडली असती, ओरडली नसती. तेच मला नको होतं.

आकांक्षा शेजारीच बसली होती. मग डोळे पुसून उठली. "बाबा, ओढणी तरी धुऊन ठेवते. आई येतील. त्यांनी दिलेली आहे. ती तरी नीट दिसू दे."

ओढणी मोरीजवळच्या दगडावर दुपारपासून पडली होती, तशीच, माखलेली, वाळून कडक झालेली. तिनं बादली भरली. लाथ खाल्लेली तीच बादली. ओढणी उचलून तिनं झटकली, आणि मागून दणादण खुरं वाजली.

शेरूनं उघडं टाकलेल्या दारातून चंद्री बाहेर आली होती. सरळ आकांक्षाकडे. मला वाटलं आता हिलाही ढुशी देते. मी ओरडलो, "सरक, सरक!" पण चंद्रीनं ओढणीचं टोक तोंडात धरलं, नाक खुपसलं, आणि घशातल्या घशात एक आवाज काढायला लागली. हुंहुंहुं, हुंहुंहुं. बकरी एरवी ओरडते तो हा आवाज नव्हे. हा फक्त व्यायल्यावर निघतो, आणि फक्त पोटच्या पिल्लासाठी.

"सोड ना! सोड!" आकांक्षा ओढणी ओढत होती, पाण्याकडे. चंद्री सोडेना. ती ओढणी चाटत होती, मग आकांक्षाच्या कुडत्याची बाही चाटायला लागली, मग कोपर. तिथं कोपराला काहीतरी वाळलेलं राहिलं होतं, साबण पोचला नव्हता.

"आकांक्षा!" मी ओरडलो. "पानी नोको! पान्यात टाकू नोको!"

पण तिला माझ्याआधीच कळलं होतं. ती तशीच थांबली, ओढणी पाण्यापासून वीतभर वर धरलेली, आणि चंद्री तिचं कोपर चाटतेय.

"बाबा," ती म्हणाली, "बाबा, हे मलेच पिल्लू समजून राहिली! तिच्या पिल्लायचा वास माह्या ओढनीत हाये!"

आमच्या घरात ती पहिल्यांदाच आमच्यासारखी बोलली. तिला स्वतःला ते कळलंही नाही.

मग जे केलं ते तिनंच. मी नुसता पाठ हातात धरून उभा. तिनं ओल्या फडक्यानं दोन्ही पिल्लांची पावडर पुसली, तीटही पुसली. ओढणी दोन्ही हातांत धरली. क्षणभर थांबली, कारण ओढणी कोणी दिली होती ते तिला ठाऊक होतं. मग दातांनी टोक तोडलं आणि टर्रकन मधोमध फाडली. एक तुकडा बोकडाच्या अंगाभोवती गुंडाळून गाठ मारली, दुसरा पाठीच्या. माखलेली बाजू वर. आणि त्यांना चंद्रीपुढं सोडून स्वतः दोन पावलं मागे सरली.

चंद्रीनं नाक लावलं. कुंपणापलीकडे खुशालरावानं शेरूचं तोंड दाबून धरलं.

चंद्री शिंकली नाही. हुंहुंहुं करून तिनं ओढणी चाटली. मग ओढणीच्या बाहेर आलेली मान. मग कान. बोकड लगेच कासेला लागला. पाठीला उठवेना. आकांक्षानं गुडघ्यांवर बसून तिला पोटाखालून आधार दिला, तोंड सडापाशी नेलं, आणि सड दाबून चिकाची धार तिच्या ओठांवर सोडली. चंद्रीनं तिच्या हाताला लाथ मारली नाही. वळून तिचं कोपर आणखी एकदा चाटलं. थोड्या वेळानं पाठीनं गिळलं. मग चोखलं. मग तिची बोटभर शेपटी हलायला लागली, आधी हळू आणि मग भरभर. ज्यानं बकरी पाळली आहे त्याला त्या शेपटीचा अर्थ सांगावा लागत नाही.

"जमलं!" खुशालराव ओरडला. आकांक्षा हसतही होती आणि रडतही होती. मी केव्हा शेणात बसलो याचं मला भान नव्हतं. सांगायला लाज कसली, मीही रडलो.

दिवेलागणीला मोटरसायकल वाजली. आमचं दोघांचं ठरलं होतं, अंघोळीचं नाव काढायचं नाही. जनली, चाटली, प्यायली, बस. गाठी सोडायची मात्र आमची छाती झाली नाही, चंद्रीचं मन फिरलं तर काय करता? म्हणून ओढणीचं कारण "थंडी" असं सांगायचं ठरलं.

सुभद्रा साक्षगंधाच्या साडीतच गोठ्यात शिरली. मागून नितेश. "माय! पिल्लायले दुपट्टा काहून बांधला?" तो म्हणाला.

"थंडी," मी आणि आकांक्षा एकदम म्हणालो.

सुभद्रेनं काही ऐकलं नाही. तिनं पाठीची शेपटी उचलून पाहिली, आणि तिथंच मटकन बसली. "पाठ हाये," ती म्हणाली. "पाठ हाये वो माय." तिनं पिल्लू उचलून तोंडाशी धरलं, मुका घ्यायला. आणि थांबली. कानामागे हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"यायले आंघोय कोनं घातली?"

आकांक्षा पायाच्या नखानं जमीन उकरत होती. मी पुढं झालो. "म्या घातली."

"तुमी?" सुभद्रेनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, शेणानं भरलेला शर्ट, फाटकं धोतर, सगळं. "तुमाले सोताले आंघोय घालाले मले रोज तीनदा सांगा लागते, आन् तुमी बकरीले साबन लावान?"

कुंपणापलीकडे खुशालराव खोकल्याचं निमित्त करून हसला.

"आई, मी घातली," आकांक्षा म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. पावडर, तीट, ढुशी, गूळ, शेरू, फोनवरची सर्दी, सगळं. शेवटी म्हणाली, "आन् तुमी देल्ली ओढनी मी फाडली. मले माफ करा."

सुभद्रा हातातल्या पाठीच्या अंगावरचा तो हिरवा तुकडा बोटांनी चाचपत होती. मला वाटलं, आता वीज पडते.

"साफ करजो असं मीच म्हनलं होतं," ती हळूच म्हणाली. "साफ म्हंजे काय, ते नाई सांगतलं. मले वाटलं, ते का सांगायची गोष्ट हाये?" मग आकांक्षाकडे पाहून, "मी कधी काई सांगतलंच नाई तुले. सारं मीच करत राह्यली."

ती उठली, आकांक्षापाशी गेली. "बस खाली."

आकांक्षा बसली. सुभद्रेनं पाठ तिच्या मांडीवर ठेवली.

"माह्या मायनं मले अशीच देल्ली होती, मांडीवर," ती म्हणाली. "लेकीले द्याची असते. मले लेक नाई झाली. इतले दिवस मी इचार करत होती, की हे पाठ झाली तं देऊ कोनाले. धर. हे तुही. नितेशले इकू देजो नोको, आन् ह्या बुढ्याले तं हातच लावू देजो नोको."

आकांक्षानं पाठीला दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. वरातीच्या गाडीत सुभद्रेनं धरलं होतं, अगदी तसं. मी पाहिलेलं आहे, मला ठाऊक आहे. तेवढ्यात चंद्री आली, हुंहुंहुं करत. तिनं पाठीचं डोकं चाटलं आणि त्याच ओघात आकांक्षाचं कोपरही.

"पाय," सुभद्रा डोळे पुसत म्हणाली, "म्हातारीले दोन झाले म्हनता, मले तं तीन दिसून राहिले." मग लगेच तिचा खरा आवाज परत आला. "चाल आता, ऊठ. वार पडली का पाहू. कशी पाहतात ते दावतो तुले."

दोघी कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून गोठ्यात वाकल्या. मी मोरीवर हातपाय धुवायला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं, तरी अंघोळच केली.

जेवणं झाल्यावर आकांक्षा ओसरीत बसून अकोल्याला फोनवर बोलत होती. मी दारातून ऐकलं. पलीकडून तिच्या आईनं विचारलं असावं, कशी आहेस, करमतं का म्हणून. कारण पोरगी म्हणाली, "आई, आज मले माह्या सासूनं बकरी देल्ली." आणि मग पलीकडचं ऐकून, "नाई वो, विकत नाई. लेकीले देतात तशी."